वहीतली दहा मिनिटं

ल्वान सुफेन अकरा वर्षं कामावर अर्धा तास आधी यायची. पाळी सातची, ती साडेसहाला फाटकावर हजर. हिवाळ्यात त्या वेळी बाहेर उणे पंचवीस असायचं, पापण्यांचे केस एकमेकांना चिकटायचे. फाटकावरचा म्हातारा ख्वांग खिडकी बोटभर उघडून म्हणायचा, "ल्वान शिफू, नवऱ्याचा एवढा कंटाळा आला असेल तर सांगा, इथेच खाट टाकून देतो."

"तुझ्या घोरण्यापेक्षा त्याचा खोकला बरा," असं म्हणून ती आत जायची. हातातली विद्या ज्याच्याकडे असते त्याला तिथे शिफू म्हणतात. सुफेनला सगळे शिफूच म्हणत.

या अर्ध्या तासापायी तिला तीनदा आदर्श कामगाराचा लाल कागद मिळाला होता. कचेरीबाहेरच्या काचेच्या कपाटात ते तिन्ही कागद लावलेले होते आणि त्यांच्याखाली तिची कामाची एक जुनी वही उघडून ठेवलेली होती, नव्यांनी बघून शिकावं म्हणून. बारीक, सरळ अक्षर, कुठे खाडाखोड नाही. पानापानावर तेच: सात वाजता दोन व्होल्ट, सात दहाला दहा व्होल्ट.

त्यातली ती दहा मिनिटं खोटी होती, आणि हे एकट्या सुफेनला ठाऊक होतं.

गाव काळ्या डोंगराच्या पायथ्याशी. डोंगरात ग्राफाइट, म्हणून घराघरात ग्राफाइट. सुफेनचा बाप खाणीत होता, नवरा थांग चांगहे गिरणीच्या वाळवणीच्या शेडमध्ये, आणि ती स्वतः खाणीच्या दिवेघरात दिवे पुसायला. दिवेघर बंद पडलं तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. त्याच वर्षी गिरणीच्या जुन्या खानावळीत कंपनीने सूप उकळायच्या चुली काढून काचेच्या टाक्या मांडल्या. ग्राफाइट म्हणजे एकावर एक बसलेले पदर. ते सुटे केले की इतके पातळ होतात की एकटा पदर डोळ्याला दिसायचा नाही, आणि दक्षिणेतले बॅटरीवाले त्याच पातळपणासाठी माल घेतात. काम तसं सोपं दिसायचं. ग्राफाइटचं दाबून केलेलं पान चिमट्यात धरायचं, खताच्या मिठाच्या पाण्यात सोडायचं आणि वीज जोडायची. वीज ते पाणी पदरांच्या फटीत ढकलते, आत वायू धरतो, पान फुगतं आणि पदर सुटून काळा कीस होऊन तळाला पडतात. मग तो कीस गाळायचा आणि धुवायचा, आणि परत धुवायचा. एका पाळीत एकच घाणा निघायचा.

वीज एकदम जोडायची नसते. आधी दोन व्होल्टवर पान नुसतं मुरू द्यायचं, मग दहा व्होल्ट. मुरवायचं किती, तर भिंतीवरच्या कार्डावर लिहिलं होतं: दहा मिनिटं.

पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी वीज चढवायचं बटण दोनवर अडकलं. सुफेन एकटीच होती. वीजवाला हातमोजे शोधत, सिगारेट संपवत आला तोपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तोवर ती टाकीपाशी बसून होती. पान शांत दिसत होतं, दोन-चार बुडबुडे, बस. पण कडेला ते किंचित जाड झालं होतं, कणीक भिजून सुस्तावते तसं. तिला वाटलं, आजचा घाणा गेला. दहा व्होल्ट चढवले आणि पान असं सुटलं की ती बघत राहिली. ढेकळं नाहीत, तुकडे नाहीत; नुसता मऊ काळा धूर पाण्यात उतरत होता.

प्रत्येक घाण्यातला चिमूटभर माल बाटलीत कालवून, चिठ्ठी लावून खिडकीत ठेवायची तिथली रीत आहे. पदर पातळ असतील तर बाटली शाईसारखी काळी राहते. जाड असतील तर माल बुडाशी बसतो आणि वरचं पाणी निवळतं. बाकीच्यांच्या बाटल्या तीन-चार दिवसांत निवळायच्या. त्या दिवसाची तिची बाटली एकोणीस दिवस काळी होती.

तिने ते तेव्हाच्या इंजिनिअरला सांगितलं. त्याने तिच्या हातात तीन पानी फॉर्म दिला: कार्डाबाहेर का गेलात. त्या महिन्यात तिच्या पाळीतल्या चौघींचा बोनस कापला गेला आणि चौघी तिच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. त्या गावात कोणीही वहीत कार्डापेक्षा वेगळं लिहीत नसे. सुफेनचा बाप भुयारात दिवा मिणमिणायला लागला तरी वहीत 'हवा ठीक' लिहून वर यायचा. तिला हे शिकवावं लागलं नाही.

पण ती बाटली काही डोळ्यांपुढून जाईना. मग ती साडेसहाला यायला लागली. शेगडी पेटवायची, पान टांगायचं, दोन व्होल्ट जोडायचे आणि गरम पाण्याचा पेला घेऊन टाकीपाशी बसायचं. सातला बाकीच्या आल्या की वही उघडायची आणि लिहायचं: सात, दोन व्होल्ट.

सुरुवातीला ती गप्प राहिली ती फॉर्मच्या भीतीने. नंतर भीती गेली आणि तिच्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं. लोक म्हणायला लागले, ल्वानचा हातगुण आहे. पाहुणे आले की तिला बोलावून टाकीपाशी उभं करायचे, फोटो काढायचे. दिवेघरात वीस वर्षांत तिचं नाव कोणी विचारलं नव्हतं. घरी नवऱ्याला तिच्या हातचं मीठ कायम जास्त लागायचं. या एका खोलीत मात्र तिच्या हातात काहीतरी होतं जे दुसऱ्या कोणाच्या हातात नव्हतं, आणि ते तसंच राहावं असं तिला वाटायला लागलं. हे तिने स्वतःशीसुद्धा कधी शब्दांत म्हटलं नाही.

सहा वर्षांपूर्वी होंगयान, आडनाव जी, तिच्या हाताखाली आली. तेव्हा होंगयान सव्वीस वर्षांची होती, कडेवर दोन वर्षांची मुलगी, नवरा जहाजं बांधायच्या कारखान्यात दूर कुठेतरी. तिचा बाप चांगहेच्याच शेडमध्ये होता आणि छातीत ग्राफाइटची धूळ बसून एक्कावन्नाव्या वर्षी गेला होता. सगळ्यांसमोर होंगयानने लाल कागदावर सही केली, दोन्ही हातांनी चहाचा पेला पुढे केला, आणि सुफेनने तो घेतला. कागदावर छापलेलं होतं: शिफूने जे येतं ते सगळं शिकवावं, शिष्याने शिफूला आईबापांसारखं मानावं.

होंगयानने तिचा वाटा पाळला. सुफेनने शिकवलं ते सगळं तिने उचललं: पान कसं धरायचं, चिमटा कुठे लावायचा, पाण्याचा वास बदलला की काय समजायचं. एकदा होंगयान म्हणाली, "शिफू, उद्यापासून मीही साडेसहाला येते. तुम्ही एकट्याच शेगडी पेटवता, मला लाज वाटते."

"लाज कसली त्यात? पोरीला खाऊ घाल, वेणी घाल, बालवाडीत सोड, मग ये. शेगडी पेटवायला काय दोन बायका लागतात?"

होंगयानच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्या आईनेही एवढा विचार केला नाही, असं ती नंतर पाच जणींना सांगत फिरली.

पुढच्या वर्षी तिला दुपारची पाळी मिळाली. तिच्या बाटल्या तिसऱ्या दिवशी निवळायच्या. शेजारी सुफेनच्या बाटल्या काळ्या कुळकुळीत. होंगयान खिडकीशी उभी राहून स्वतःचे हात उलटेपालटे करून बघायची. "माझे हात गरम आहेत का हो, शिफू? आई म्हणायची, माझ्या हातचं आंबवण टिकत नाही."

"होईल हळूहळू," सुफेन म्हणायची.

दोघींमध्ये एक स्टीलचा डबा फिरायचा. डबा सुफेनचा, झाकणावर पोचा पडलेला. आंबट कोबी घातलेल्या मांसाच्या करंज्या तिने त्यातून पाठवल्या, तर होंगयानकडून तो कधी रिकामा परत आला नाही. कधी गोठवलेल्या नासपाती, कधी शेंगदाणे, आणि चांद्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यात राळ्याच्या पिठात लाल घेवड्याचं पुरण भरलेले चिकट गोळे. काहीच नसेल तर मूठभर सूर्यफुलाच्या बिया. त्या बाजूला कोणी डबा रिकामा परत करत नाही. रिकामा डबा परत करणं म्हणजे दार तोंडावर लावून घेण्यासारखं.

सुफेनची पन्नाशी भरणार होती त्या वर्षी कंपनीत यंत्र आलं. डिसेंबरच्या वीस तारखेला ती निवृत्त होणार होती. बायकांना तिथे पन्नासाला घरी पाठवतात. यंत्र स्वतःच पान टांगायचं, स्वतःच वीज चढवायचं. कसं आणि किती, ते सगळं त्याला सुफेनच्या वह्यांवरून शिकवलेलं होतं. इंजिनिअर मियाओने कपाटातली एक सोडून बाकी सगळ्या वह्या पेटीत भरून शहरात पाठवल्या होत्या. तो चाळिशीचा, नीटनेटका, चष्मा सतत पुसणारा माणूस. तिला म्हणाला, "शिफू, तुम्ही निवृत्त झालात तरी तुमचा हात इथेच राहणार. आणि तुम्हालाही आम्ही सोडत नाही. सल्लागार म्हणून कागद तयार करतोय. रोज या, बसा, बघा."

वह्यांची पेटी सुफेनच्या डोळ्यांदेखत गाडीत चढली. तेव्हा बोलता आलं असतं. ती शेगडीतली राख काढत राहिली.

यंत्रावर होंगयानला नेमलं. यंत्राचं पान हाताच्या पानापेक्षा जाड; त्याने ते बरोबर दहा मिनिटं मुरवलं आणि बरोबर दहा व्होल्ट चढवले. पान ढेकळं होऊन पडलं. बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी निवळलेली होती, वर पाणी इतकं स्वच्छ की मागचं बर्फ दिसत होतं. दुसरा घाणा तसाच. तिसरा तसाच. यंत्रवाले शहरातून येऊन सगळं तपासून गेले आणि लिहून दिलं: यंत्रात दोष नाही, चालवणारीचा हलगर्जीपणा. वीस तारखेनंतरच्या आठवड्यात दक्षिणेतले गिऱ्हाईक तपासणीला येणार होते.

सोळा तारखेला होंगयान सुफेनला धुण्याच्या खोलीत गाठून म्हणाली, "शिफू, मला गिरणीत पाठवताहेत. वाळवणीच्या शेडमध्ये."

"कोण म्हणालं?"

"मियाओ साहेबांच्या टेबलावर कागद बघितला. माझं नाव आहे." ती रडत नव्हती. हातातलं गाळायचं फडकं पिळत होती, कोरडं होतं तरी. "शेडमधून बाबांना शेवटी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. तुम्ही होतात ना तेव्हा. मी सगळं वहीप्रमाणे केलं, शिफू. तुमच्या वहीतलं एक अक्षर मोडलं नाही."

"माहीत आहे," सुफेन म्हणाली.

ती तशीच मियाओच्या खोलीत गेली. दार लावलं.

"साहेब, यंत्राला चाळीस मिनिटं द्या."

"कशाची?"

"मुरायला. दोन व्होल्टवर."

मियाओ हसला. "शिफू, तुमच्याच वहीत अकरा वर्षं दहा आहे. कार्डात दहा आहे. गिऱ्हाइकाला दिलेल्या प्रमाणपत्रात दहा आहे."

"वहीत आहे. केलं नाही कधी."

त्याने चष्मा काढला. तिने सगळं सांगितलं: अडकलेलं बटण, फॉर्म, साडेसहा. सांगायला फार वेळ लागला नाही. अकरा वर्षांचं एवढंसंच होतं. मियाओ खिडकीबाहेर बघत राहिला. यंत्र त्याने मागवलं होतं, त्या वह्यांच्या भरवशावर त्याला बढती मिळणार होती.

"हे तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही," शेवटी तो म्हणाला. आवाज मऊ होता. "प्रमाणपत्र खोटं ठरलं तर ही खानावळ परत खानावळ होईल. मी असं करतो. तपासणी होऊ दे, नंतर मी गुपचूप यंत्राची वेळ बदलतो. माल सुधारेल. पण तीन घाणे गेले, त्याला कोणाचं तरी नाव लागतं. होंगयान तरुण आहे. दोन वर्षांत मी तिला परत आणीन."

"शेडमधून?"

"आता तिथे मास्क देतात."

"मास्क तेव्हाही देत होते, साहेब."

"शिफू," मियाओ म्हणाला, "तुमचा सल्लागाराचा कागद माझ्या खणात आहे. वीस तारखेला जेवण ठेवलंय तुमच्यासाठी. तुमची वही कपाटात आहे. हे सगळं कोणासाठी मोडताय?"

घरी चांगहे खिडकीशी बसून फोनवर बुद्धिबळ खेळत होता. नाकात नळी, पायाशी प्राणवायूचं यंत्र फ्रिजसारखं घरघरत होतं. त्याला जिना चढता येत नाही त्याला चार वर्षं झाली. सुफेनने पदर लावलेली कांदापातीची पोळी लाटायला घेतली आणि लाटता लाटता त्याला सगळं सांगितलं. इतकी वर्षं तिने हे त्यालाही सांगितलं नव्हतं.

त्याने फोनवरचा एक घोडा हलवला. मग म्हणाला, "म्हणजे तू खरंच शेगडी पेटवायला जात नव्हतीस."

"शेगडीही पेटवायची."

"ख्वांग मला सांगायचा, तुझी बायको पळते तुझ्यापासून. मी म्हणायचो, पळू दे, परत येऊन पोळ्या करते ना." त्याला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. ती हात पुसून त्याच्या पाठीमागे उभी राहिली. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "गप्प बस तू. मियाओ बरोबर बोलतो. दोन वर्षं काही फार नसतात."

"तुला किती लागली?"

"मला वीस लागली."

"पहिला खोकला कधी आला?"

चांगहेने फोन उपडा ठेवला. नळी नाकात नीट बसवली. "दुसऱ्या हिवाळ्यात," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पोळी करपतेय, म्हातारे."

पोळी करपलीच होती. दोघांनी ती तशीच खाल्ली. जेवताना त्याने विचारलं, "तिला का नाही सांगितलंस? मियाओला नाही सांगितलंस, समजलं. त्या पोरीला का नाही?"

सुफेन पोळीचे पदर एकेक सोडवत बसली. "सांगितलं असतं तर तिच्याही बाटल्या काळ्या राहिल्या असत्या," ती म्हणाली.

चांगहेने पुढे विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या ओळखीत काही प्रश्न माणूस विचारत नाही, त्यातला हा एक प्रश्न होता.

तीन दिवस सुफेन गप्प राहिली. हे तीन दिवस कोणी लिहिणार नाही म्हणून इथे लिहायचे. तिने सकाळी आपला घाणा लावला, बाटली काळी राहिली, मुकादम म्हणाला, हात तो हातच. होंगयान दुपारी यंत्रापाशी उभी असायची आणि यंत्राच्या पडद्यावरचे आकडे सुफेनच्या जुन्या वहीतून उतरवून घेतलेल्या आकड्यांशी बोट ठेवून ताडून बघायची. अठरा तारखेला तिने विचारलं, "शिफू, पाणी बदलून बघू का?" सुफेन म्हणाली, "बघ." पाण्यात काही नव्हतं हे तिला माहीत होतं. एकोणीस तारखेला फळ्यावर बदल्यांची यादी लागली आणि होंगयानने आपला पेला, सपाता आणि मुलीने काढलेलं चित्र पिशवीत भरलं.

वीस तारखेला सुफेन साडेसहाला आली. ख्वांग म्हणाला, "आज शेवटचा दिवस, आज तरी झोपायचं."

"झोप लागत नाही," ती म्हणाली. ते खरं होतं.

तिने शेगडी पेटवली, पान टांगलं, दोन व्होल्ट जोडले. मग वही उघडली. कामाच्या वहीची पानं छापील आकड्यांची असतात, फाडली की कळतं. खाली कार्बन असतो आणि वरची प्रत रोज गुणवत्ता खात्यात जाते. तिने लिहिलं: सहा वाजून बत्तीस मिनिटं, दोन व्होल्ट. मग पेन हातात धरून बसली. टाकीत दोन-चार बुडबुडे येत होते. खाली रिकाम्या जागेत तिने त्याच बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: 'पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यापासून माझ्या नावाच्या प्रत्येक घाण्याला दोन व्होल्टवर चाळीस मिनिटं दिली आहेत. वहीत दहा लिहिली ती कार्ड बघून. यंत्र माझी वही वाचून चुकलं. जी होंगयानचा काही दोष नाही. तिला मी हे कधी सांगितलं नाही.' सही केली. खणातून लाल शाईची डबी काढून अंगठा उठवला. अंगठ्याच्या रेषांत ग्राफाइट बसलेलं होतं, ते कुठल्याच साबणाने जात नसे. ठसा तांबूस-काळा उठला.

सात बाराला तिने दहा व्होल्ट चढवले आणि तेही लिहिलं.

होंगयान त्या दिवशी सकाळीच आली, शेडकडे जायच्या आधी निरोप घ्यायला. हातात पोचा पडलेला डबा होता. मागच्या आठवड्यात सुफेनने त्यातून करंज्या दिल्या होत्या. "शिफू, यात बिया आहेत, दुसरं काही जमलं नाही," असं म्हणत ती डबा पुढे करणार, तोच सुफेनने वही तिच्याकडे फिरवली.

होंगयानने उभ्या उभ्या वाचलं. मग बाकावर बसून पुन्हा वाचलं. डबा मांडीवर होता. टाकीत पान सुटायला लागलं होतं, काळा धूर उतरत होता, आणि ती त्याच्याकडे बघत होती. हा धूर तिने शिकताना कितीदा बघितला होता; त्याआधीचा अर्धा तास कधी बघितला नव्हता.

"माझी बाटली तिसऱ्या दिवशी निवळायची," ती म्हणाली.

"हो."

"मी खिडकीशी उभी राहायची, तेव्हा तुम्ही माझ्या मागे उभ्या असायच्या."

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं, माझे हात गरम आहेत का."

सुफेनने मान हलवली.

"आणि साडेसहाला येऊ नकोस म्हणालात. पोरीची वेणी घाल म्हणालात." होंगयानचा आवाज चढला नाही. "ते मी सगळ्या गावाला सांगितलं, शिफू."

"तुला शेडमध्ये जावं लागणार नाही आता. हे पान खात्यात दे. मियाओच्या हातात देऊ नकोस, सरळ खात्यात दे."

होंगयान उठली. वही तिने दोन्ही हातांनी उचलली, सहा वर्षांपूर्वी चहाचा पेला धरला होता तशी, पण ती सवयच होती. मोठ्या माणसाकडून काही घेताना तिथे दोन्ही हात लावतात. डबा पिशवीत परत टाकला. दारापाशी थांबली, वळली नाही. "एवढं लिहिलंत," ती म्हणाली, "तर ते का केलंत तेही लिहायचं."

आणि ती निघून गेली. दार उघडं राहिलं, गार वारा आत आला, आणि सुफेनने उठून ते लावून घेतलं, पाणी थंडावलं तर घाणा बिघडतो म्हणून.

पुढचं सगळं कागदाच्या वेगाने झालं. खात्याने पान दाबलं नाही. दाबता येण्यासारखं नव्हतं, आकडा छापील होता. यंत्राला चाळीस मिनिटं देऊन बघितली आणि चौथ्या दिवशीही बाटली काळी होती. गिऱ्हाइकाची तपासणी पुढे ढकलली, प्रमाणपत्र नव्याने करायला घेतलं, मियाओची बढती अडकली. बदल्यांच्या यादीतून एक नाव खोडलं गेलं. सल्लागाराचा कागद खणातून बाहेर आला नाही. वीस तारखेचं जेवण झालं नाही. हॉटेलवाल्याला सांगितलं की बाईंची तब्येत बरी नाही. काचेच्या कपाटातली वही काढली, आणि तिच्या जागी आग लागल्यास काय करावे याचा तक्ता लागला. लाल कागद मात्र तसेच राहिले, कारण ते काढायला वेगळा ठराव लागतो.

सुफेन घरी राहायला लागली. साडेपाचचा गजर तिने बंद केला, तरी डोळे उघडायचेच. ती स्वयंपाकघरात जाऊन आंबट कोबीच्या रांजणावरचा दगड उचलायची, पाणी बघायची, दगड परत ठेवायची. चांगहे आतून म्हणायचा, "रोज उघडून बघितलंस तर आंबेल कसा तो?" कधी म्हणायचा, "ये, मला हरव," आणि ती त्याच्याशी बुद्धिबळ खेळून हरायची.

ख्वांग एकदा जिना चढून भेटून गेला. बाकीच्या चौघी बाजारात भेटल्या तर हसायच्या आणि घाईत असायच्या. होंगयान कशी आहे, असं तिने ख्वांगला विचारलं. "चांगली आहे. मुकादम केलं तिला यंत्रावर," ख्वांग म्हणाला. "साडेसहाला येते. मी म्हटलं, तुलाही नवऱ्याचा कंटाळा का, तर हसलीसुद्धा नाही."

चांद्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यातली अष्टमी जानेवारीत आली. त्या दिवशी घरोघर आठ धान्यांची पेज शिजते, आणि सहा वर्षं त्याच दिवशी चिकट गोळ्यांचा डबा यायचा. सुफेनने पेज जास्तच केली. एक पातेलं बाजूला झाकून ठेवलं. चांगहेने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

दुपारी जिन्यात पावलं वाजली. चौथा मजला, मग पाचवा. दाराशी थांबली. सुफेन ओल्या हातांनीच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आली. दार वाजलं नाही. कडीला काहीतरी खुट्ट झालं आणि पावलं खाली गेली, सावकाश. पळत गेली असती तर बरं वाटलं असतं.

तिने दार उघडलं. कडीला कापडी पिशवी अडकवलेली होती, पिशवीत डबा. घासून लख्ख केलेला, झाकणाचा पोचा आतून ठोकून सरळ केलेला. तिने तो हातात घेतला तेव्हाच वजनावरून तिला समजलं, तरी तिने झाकण उघडलं. आत काही नव्हतं. कोपऱ्यात एखादी बी अडकली असेल म्हणून तिने बोट फिरवलं. डबा कोरडा होता.

"कोण होतं?" चांगहेने आतून विचारलं. "काय पाठवलंय?"

"डबा," सुफेन म्हणाली.

यंत्र घरघरत राहिलं. तिने झाकण लावलं, फडताळातली पीठं आणि डाळी सरकवून मागे जागा केली आणि डबा तिथे ठेवला. मग पेजेच्या पातेल्यावरचं झाकण काढून ते सगळं परत मोठ्या भांड्यात ओतलं आणि चांगहेला म्हणाली, "ये, जेवून घेऊ. गार होतंय."